रंग दिलेलं इंजन

आज शेजाऱ्यानं खिडक्यांना हिरवा ऑइलपेंट लावला आणि त्या वासानं माझं डोकं पुन्हा भणाणलं, कारण असाच रंग मी एकदा गेवराईकडच्या आमच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या इंजनाला दिलता. जिनिंग चालू होती तोवर ते इंजन मीच चालवलं. पुढं माझ्या नातीला जुन्या कारखान्यांच्या अभ्यासाला सरकारचा वजिफा, म्हंजे शिष्यवृत्ती, मिळाला, तिनं तेच इंजन निवडलं, आणि तिचे सर ते बघायला येणार म्हटल्यावर मी काय गप बसणार? खंडेनवमीला करायचो तसं घासकागदानं काजळी, तेलाचे डाग, जुन्या रंगाच्या खपल्या, सगळं खरवडून काढलं, वरून झकास रंग दिला आन हार घातला. नात दारातच थबकली. “आबा, हे काय केलं! त्या डागांवरच माझा अभ्यास होता. आता सरांना काय दाखवू?” मी म्हणालो, “अगं, पाव्हण्याला कुणी घाण दावतं का? आधी सांगायचं तरी!” सरांनी इंजनाभोवती एक चक्कर मारली, “दुसरं बघावं लागेल,” म्हणाले आणि चहाला हात न लावता गेले. मला लई राग आला. पोरीनं मग चौसाळ्याकडचं एक इंजन धरलं आणि तिचा अभ्यास पार पडला. आता फोनवर ती म्हणते, “आबा, सोडा की ते.” का म्हणून सोडू? तिच्या जाडजूड पुस्तकात चौसाळ्याकडचं इंजन छापलं हाय, ज्याच्यावरची कोळिष्टकंसुद्धा कुणी कधी काढली न्हाईत, आणि आमचं कुठंच न्हाई.