चित्रकलेचा वर्ग

काल मनीषनगरच्या घरी लेकीच्या शाळेच्या बुटांना पॉलिश करताना तो ओळखीचा वास नाकात गेला आणि मी पुन्हा पाचवीत पोचले.

पारशिवनीच्या शाळेत आम्हाला एकच खोली आणि एकच बाई. मामाकडे राहून नागपूरच्या मोठ्या शाळेत जाऊ लागले, तर तिथे घंटा झाली की वर्ग बदलायचा, एका जिन्यानं चढायचं, दुसऱ्यानं उतरायचं आणि उशीर झाला की दाराबाहेर उभं राहायचं. पहिल्याच आठवड्यात मी रिकाम्या जिन्यावर रडत उभी होते.

“काहून रडून राहिली वं?” दहावीतल्या एका ताईनं विचारलं.

“मले चित्रकलेचा वर्ग सापडून नाही राहिला.”

तिनं माझा हात धरला आणि भलतंच दार उघडलं. आतली नववीची मुलं खो-खो हसली. तीही हसली.

“पाह्य, मीबी चुकली. काही झालं का?”

मग तिनं मला बरोबर वर्गात नेलं आणि उशिराबद्दल बाईंची माफीही तिनंच मागितली.

रविवारी बाबा भेटायला आले. ‘मले घरी न्या’ असं सांगायचं ठरवलं होतं, पण सांगितलं नाही.

तेव्हा वाटलं, ताई बिचारी चुकली. पण इतकी वर्षं त्या शाळेत काढलेली मुलगी वर्ग कशी चुकेल? ती खरंच चुकली होती की माझ्यासाठी चुकली, हे मला अजूनही ठरवता येत नाही.