प्रभुभोजनाच्या मेजावरचं कापड

सकाळी सुनेने खळ घातलेली चादर अंथरली आणि त्या वासाने मला पुन्हा स्वतःचा संताप आला.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस होते. परळला मी पाळक होतो. बाहेर मोर्चावर गोळीबार झाला आणि एक गिरणी कामगार रक्ताळल्या पायाने चर्चमध्ये येऊन कोसळला. झाडलोट करणाऱ्या मार्थाबाईंनी प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड ओढलं, टरकन फाडलं आणि त्याच्या मांडीला आवळलं.

मी ओरडलो, "अहो, पवित्र कापड ते. कुणाला विचारलंत?"

"दर शनिवारी जी त्याला खळ घालते, तिला विचारलं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पाळकसाहेब, याचा पाय धरा जरा."

मी धरला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना कामावरून काढलं.

पुढे श्रद्धेवरच्या पहिल्या पुस्तकात मी लिहिलं की कापड मीच फाडलं. त्या पानाने मला लेखक केलं. लोक अजून माझे हात डोळ्यांना लावतात. नव्या आवृत्तीत ते पान बदला म्हटलं, तर प्रकाशक म्हणतात, "राहू द्या हो, वाचकांना तेच आवडतं."

म्हणून इथे लिहितो. कापड मार्थाबाईंनी फाडलं. मी नुसता ओरडत उभा होतो.