अस्तरातली पुरचुंडी

मी मुळातच संशयी, त्यात नोकरीनं भर घातली. इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या एका शाळेच्या ऑफिसात बसून रोज सकाळी गैरहजर मुलांच्या आईबापांना फोन करते. पोटदुखी खरी कुठली आणि हॉलिडेची कुठली, हे मला आवाजावरून कळतं. त्यामुळे एडिनबराला रिसर्च करणारी लेक फोनवर म्हणाली, "आई, मी अंटार्क्टिकाला जातेय, एका ज्वालामुखीच्या बेटावर. इट्स टोटली सेफ," तेव्हा मी त्या 'टोटली'वरच अडले.

"जिवंत आहे का तो?"

"झोपलाय गं."

झोपलाय म्हणे, डोंबल! झोपलेला कधीतरी उठणारच की. चहूकडे बर्फ, बेटाच्या पोटात आग, आणि जिथून वाफ येते नेमकी तिथलीच माती आणायला ही जाणार. त्या उबेवर शेवाळ कसं जगतं हे तिला बघायचं होतं, तीन वर्षं त्यासाठीच मरमर चालली होती. मला मात्र पाणी कुठेतरी मुरतंय असंच वाटत राहिलं.

निघण्याआधी दोन दिवस ती घरी आली. आल्या आल्या व्हॅक्युमची नळी घेऊन कपड्यांचे खिसे अन् शिवणी साफ करत बसली. चांगला तासभर! जन्मात कधी स्वतःची खोली आवरली नाही तिनं. विचारलं तर, "रूल्स आहेत." मला त्याचाही संशय आला.

दृष्ट काढते म्हटलं तर उभी राहीना. "आई, प्लीज! मागच्या वेळी तू मोहरी जाळलीस, स्मोक अलार्म वाजला, नेक्स्ट डोअरवाली धावत आली." ते खरंच होतं. पण मन चिंती ते वैरी न चिंती. ती शॉवरला गेल्यावर मी चिमूटभर मीठ-मोहरीची पुरचुंडी बांधली आणि तिच्या फ्लीसच्या जॅकेटच्या अस्तरात शिवून टाकली. काळा दोरा, बारीक टाका, हाताला लागणारसुद्धा नाही. स्वतःवरच खूश झाले मी.

जानेवारीत तिचा अंटार्क्टिकातल्या बेसवरून फोन आला. बेटावर कधी निघणार, विचारलं.

"मी नाही जात. बाकीचे जातील. मी इथे लॅबमध्ये आहे."

"का?"

"वेदर."

"हवा काय तुझ्या एकटीसाठी खराब आहे? कोणी त्रास देतंय का तुला?"

"आई, लाइन कट होतेय."

लाइन छान स्वच्छ होती. झालं, माझं डोकं फिरलं. आजारी असेल, पडली असेल, नाहीतर त्या टीम लीडरनं माझ्या पोरीला मुद्दाम मागे ठेवलं असेल. मी त्याला सणसणीत ईमेल लिहायला घेतला. आमचे हे म्हणाले, "अगं, पोलिसात जायचीस, शाळेत कुठे लागलीस!" त्यांनी लॅपटॉप मिटला म्हणून तो ईमेल गेला नाही.

मार्चमध्ये ती घरी आली. तिचे कपडे मशीनला लावताना फ्लीस हातात आलं. अस्तराला माझा काळा दोरा नव्हता, निळ्या दोऱ्याचे ओबडधोबड टाके होते.

"हे कोणी उसवलं?"

तिनं चहाचा मग खाली ठेवला. "बेटावर जायच्या आधी सगळ्यांचे कपडे चेक करतात, आई. बाकी अंटार्क्टिकात बी पडलं तरी मरतं. पण ती जमीन गरम आहे. तिथे मोहरी उगवली असती. एकदा उगवली की शेवाळ संपलं." मग हळूच म्हणाली, "कपडे क्लीन आहेत म्हणून मी सही केली होती. पुरचुंडी सापडली, त्यांनी यादीतून माझं नाव काढून टाकलं."

"अगं, मग सांगायचं ना, आईनं घातली म्हणून!"

"मी म्हटलं, माझीच आहे."

"आणि मला तरी का नाही सांगितलंस?"

"तू विचारत होतीस, कोणी त्रास देतंय का. काय सांगणार होते?"

मी तिथेच मशीनसमोर खाली बसले आणि ढसाढसा रडले. तीन वर्षं पोरीची, आणि माझी चिमूटभर मोहरी! ती शेजारी येऊन बसली, माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको ना. नेक्स्ट इयर परत नेणार आहेत ते मला. नक्की."

खोटं बोलत होती. आवाजावरून कळलं मला. पहिल्यांदाच मी काही विचारलं नाही.