वकिलांचा न आलेला फोन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. लेकीला नाही, मैत्रिणींना नाही, देवालाही नाही — त्याला माहीत असणारच, मग वेगळं कशाला सांगा? तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मध्येच "अगं, पण—" असं म्हणणार नाही. तर ऐका. एका सकाळी मी एका वकिलाच्या तोंडी एक वाक्य घातलं. त्या बिचाऱ्यानं ते कधी उच्चारलंच नव्हतं. आणि त्या एका वाक्यानं माझा नवरा कायमचा शहाणा झाला.

मूर्खपणा होता, दुसरं काय? पण नुसता मूर्खपणा असता तर हसून सांगितला असता. माझे बाकीचे सगळे सांगतेच की.

आधी श्रीकांत सांगते. माझा नवरा. इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला मोटारींच्या कंपनीत इंजिनियर. दिवसभर ब्रेक तपासायचे, संध्याकाळी घरी यायचं. लग्नानंतर त्याच्या सामानातून एक जाडजूड कादंबरी निघाली होती, स्पेनमधल्या कुण्या शेकडो वर्षांपूर्वीच्या लेखकाची. नाव लिहीत नाही. मी उच्चारलं की नात खो खो हसते. पुस्तकं वाचून वाचून डोकं फिरलेला एक उतारवयाचा गृहस्थ गंजकं चिलखत चढवून, मरतुकड्या घोड्यावर बसून जगाचं भलं करायला निघतो, आणि मागून गाढवावर त्याचा ढेरपोट्या सोबती. मी तेव्हा पहिली दहा पानं वाचली आणि झोपले. मला वाटलं, एका वेड्याला हसण्यासाठी एवढी पानं? कमाल आहे लेखकाची!

श्रीकांत ती गोष्ट वाचायचा नाही, सांगायचा. रविवारी मी पोळ्या लाटत असायचे आणि हा ओट्याला टेकून, माझं हात पुसायचं फडकं उपरण्यासारखं खांद्यावर टाकून, कीर्तनकाराच्या थाटात आख्यान लावायचा. मराठीत. घोड्याचा आवाज वेगळा, गाढवाचा वेगळा. गाढव तर चक्क वऱ्हाडी बोलायचं, कारण समोर त्याचा मित्र बाळू बसलेला असायचा — बाळूभाऊजी, नागपूरचे, पोटानं आणि मनानं ऐसपैस. ते माझ्या पोळ्या खात म्हणायचे, "वहिनी, पाहून ठेवा, ह्या गोष्टीत गाढवालेच अक्कल आहे." माझी एक तरी पोळी करपायचीच. लेक नेहा, चार वर्षांची, टाळ्या पिटायची. मी करवादायचे. आता एकही पोळी करपत नाही. काय करायच्या असल्या पोळ्या?

एके दिवशी ह्या दोघांनी एक जुनी व्हॅन आणली. निळी, चारी चाकांच्या वाट्या पांढऱ्या, आणि पुढे पांढऱ्या रंगाचा एक ठिगळासारखा पट्टा. श्रीकांतनं तिला नारळ फोडून नाव ठेवलं — पंचकल्याणी. लग्नातली घोडी असते ना, चारी पाय आणि कपाळ पांढरं, तशी. बेत असा होता की उन्हाळ्यात दीड महिना बिनपगारी रजा काढायची आणि गावोगावी मराठी माणसांच्या बेसमेंटमध्ये जाऊन हे आख्यान लावायचं. आधी न्यू जर्सीतलं एडिसन, मग खाली टेक्ससपर्यंत. श्रीकांत कथेकरी, बाळूभाऊजी पेटीवर आणि गाढवाच्या भूमिकेत. नेहाला आणि मलाही न्यायचं होतं. त्यानं मागच्या बाकावर माझ्यासाठी उशी बांधली होती, माझी कंबर दुखते म्हणून. त्या उशीला झालर होती. कुणी शिवली असेल? त्यानंच.

आणि मी? माझं त्या वेळचं ध्यान तुम्ही पाहायला हवं होतं. कुरळे करून घेतलेले केस, खांद्यात गादी भरलेला कोट, आणि चेहऱ्यावर असा भाव की अमेरिकेनं ही बाई खास मागवून घेतली आहे. मला सगळं नीटनेटकं हवं होतं. पडदे, लॉन, नवरा.

तेव्हा आमच्या ग्रीन कार्डाचा अर्ज चालू होता. तुमच्यापैकी जे त्यातून गेलेत त्यांना ठाऊक आहे, त्या वर्षांत वकील हे आपलं कुलदैवत असतं. नोकरी बदलायची का, गावी लग्नाला जायचं का, घर घ्यायचं का — आधी वकील काय म्हणतात? "वकील म्हणाले" म्हटलं की वाद संपला. सासूबाईंनीसुद्धा भारतातून फोनवर वकिलांपुढे हात टेकले होते.

निघायच्या आदल्या आठवड्यात श्रीकांत दारापुढे पंचकल्याणी धूत होता. मी पायरीवर उभी राहिले आणि म्हणाले, वकिलांचा फोन आला होता. अर्ज चालू असताना एवढी रजा घेतली तर सगळं अडकेल म्हणाले.

कुठला फोन? कुठले वकील? मी तेव्हा आत भेंडी चिरत होते.

त्यानं एवढंच विचारलं, "केव्हा आला?" मी म्हटलं, तू दुकानात गेला होतास तेव्हा. मग त्यानं नळ बंद केला आणि पाइप गुंडाळून ठेवला — नीट, वेटोळं करून. हा माणूस जन्मात कधी पाइप गुंडाळत नसे! आणि मला काय वाटलं असेल, सांगा? मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आला ताळ्यावर.

पुढच्याच महिन्यात व्हॅन एका रंगाऱ्याला विकली. उशी मात्र त्यानं सोडवून घेतली. ती आजही माझ्या खुर्चीवर आहे. रविवारी तो ओट्याशी यायचा, पोळ्यांना तूप लावून द्यायचा, गप्प. नेहानं गाढवाचा आवाज मागितला तर म्हणाला, "आता आठवत नाही गं." विसरला होता का हो? एवढ्यात? तो उत्तम गृहस्थ झाला. बर्फ काढायचा, टॅक्स वेळेवर भरायचा, मंडळाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडायचा. सगळ्या बायका मला म्हणायच्या, किती सज्जन मिस्टर तुमचे. मी मान डोलवायचे.

परवा-परवापर्यंत माझी समजूत होती की मी कार्डाच्या काळजीनं खोटं बोलले. काळजी करणाऱ्या बाईला कोण बोल लावणार? — मग नात इरा कॉलेजातून सुट्टीला आली आणि टेबलावर तेच पुस्तक ठेवून गेली. तिला अभ्यासाला होतं. श्रीकांत जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी भिंग घेतलं आणि अकराव्या पानापासून सुरुवात केली.

आणि त्या पुस्तकात मला मी भेटले. त्या वेड्याच्या घरातली माणसं, गावातले त्याचे हितचिंतक — सगळे किती शहाणे, किती मायेचे! त्याची पुस्तकं जाळतात, सोंगं काढतात, लोणकढ्या थापा मारतात, का तर तो घरी यावा, नीट जेवावा, चारचौघांसारखा व्हावा. आणि तो होतो. शेवटी खरंच शहाणा होतो, अंथरुणावर पडतो, आणि तेव्हा हीच माणसं रडत त्याच्या उशाशी येतात — ऊठ, चल, पुन्हा निघू या. तो बेरकी लेखक वेड्याला हसतच नव्हता. एवढी पानं त्यानं आम्हा शहाण्यांवर नजर ठेवून लिहिली होती. श्रीकांतला हे ठाऊक होतं. पुस्तक तर त्याला तोंडपाठ होतं.

मी इराला म्हटलं, ह्यातली घरची माणसं वाईट नाहीत गं. ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "आजी, ते फक्त एम्बॅरस्ड आहेत." आणि चिप्स खायला लागली.

मी भिंग खाली ठेवलं. कारण तेच होतं. कार्डाची मला रत्तीभर भीती नव्हती. कार्ड येणारच होतं. त्याच्या आधीच्या महिन्यात खुद्द वकिलांनीच तसं सांगितलं होतं. झालं होतं असं की पाडव्याच्या जेवणात दोन बायका ताटं हातात घेऊन हसत होत्या, "हिचे मिस्टर म्हणे व्हॅन घेऊन कीर्तनाला निघालेत." आणि मी — मी त्यांच्याबरोबर हसले. त्यांच्यापेक्षा जास्त. म्हणाले, अहो, कुठलं काय, नुसत्या गप्पा त्याच्या. मग घरी आले आणि त्या नुसत्या गप्पाच ठरतील अशी सोय केली. मला माझ्या नवऱ्याची लाज वाटली होती. एवढंच. हेच सांगायला आले होते आणि कुठून कुठून फिरून आले पाहा.

आणि नंतर? तो निवृत्त झाला, लेक मार्गी लागली, दारात धडधाकट गाडी होती. मी एकदा "चल" म्हणू शकले असते. कितीतरी वर्षं होती. आता रस्त्यात निळी व्हॅन दिसली की मी तिच्या चाकांकडे पाहते. रविवारी फडकं खांद्यावर टाकून गाढवाचा आवाज काढून बघते. जमत नाही. वऱ्हाडी मला कधी आलीच नाही.

बाळूभाऊजी आता टेक्ससमध्ये, फ्रिस्कोला मुलाकडे असतात. श्रीकांतच्या वर्षश्राद्धाला आले होते. जेवणं झाली, आम्ही दोघंच ओट्याशी बसलो. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाले,

"वहिनी, वकिलाले आम्ही त्याच दुपारी फोन केला होता. तो म्हणे, जा की खुशाल, कोण अडवते? मी म्हटलं, श्रीकांत, झालं तर मग, निघू. तर म्हणे, 'नको रे बाळ्या. तिला खोटं बोलता येत नाही, तरी बोलली. म्हणजे केवढी घाबरली असेल, बघ.'"