ताईंनी उघडल्याशिवाय न येणारी यादी

आसनगावापासून डोळखांबापर्यंत माझ्यासारखा प्रोग्रामर नाही, हे मी इतक्यांदा सांगितलंय की तानसा तलावातल्या माशांनाही पाठ असेल. डोळखांबकडच्या बायकांच्या भाजी गटाची वेबसाइट माझीच. संध्याकाळी यादी भरून ठेवायची, पहाटे पाचला ती आपोआप झळकणार, कल्याणचे ग्राहक मागणी टाकणार आणि सातला टेम्पो भरून निघणार.

गटाच्या प्रमुख ताई मात्र एकच धोशा लावून होत्या. "मी साइट उघडल्याबिगर यादी येतच नाय रे. रोज पाचला रेंजसाठी टेकडी चढते."

"ताई, यादी काय तुमची म्हैस आहे, तुम्ही बसल्याशिवाय पान्हा न सोडणारी?"

"म्हैस बरी. ती फुशारक्या मारत नाय."

मग त्या भाचीच्या साखरपुड्याला मुरबाडला गेल्या. गडबडीत फोन बघायचा राहिला आणि यादी खरंच आली नाही. अकरा घरची तोडलेली भेंडी दुपारपर्यंत माना टाकून पडली. पुढच्या आठवड्यात लग्न. "मामी म्हणून मिरवू का पाचला फोन घेऊन बसू?" या वेळी त्या हसत नव्हत्या.

मी शोधायला बसलो. तर, सॉफ्टवेअरला स्वतःहून जाग येतच नव्हती. कुणी आत शिरलं की ते दचकून घड्याळ बघायचं आणि राहिलेली कामं उरकायचं. साइट विजेसारखी पळावी म्हणून मीच ग्राहकांना आधीच तयार ठेवलेलं पान दाखवायची सोय केली होती. म्हणजे गिऱ्हाईक ओटीवरूनच परत, आतला कुंभकर्ण गाढ. पहाटे लॉगिन करून घरात शिरायच्या त्या एकट्या ताई!

सर्व्हरच्या घड्याळालाच दर पाच मिनिटांनी दार ठोकायला लावलं. एका ओळीचं काम. शहापूरच्या टपरीवर मी ते चारशे ओळींचं सांगतो, तो भाग वेगळा.

लग्नाच्या दिवशी पाचला मी स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसलो, चुकून साइट उघडायला नको. साडेसातला मुरबाडहून फोन आला. मागे सनई, बायकांचा कल्ला.

"आली रे यादी!"

"तुम्ही उघडलीत की काय?"

"नाय रे! टेम्पोवाल्याचा फोन आला. म्हणं, भेंडीला जागा पुरली नाय, दोन पाट्या मांडीवर घेऊन निघालाय. ठेव आता, मला बांगड्या भरायच्यात."