कर्मचाऱ्याचं म्हणणं

तुम्ही तोंड उघडायच्या आधीच तुमचं म्हणणं कुणी कागदावर लिहून ठेवलंय का कधी?

मी लिहून ठेवत होते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कॉल सेंटरमध्ये मी कोच व्हायची अप्रेंटिसशिप करत होते. पाण्याच्या फिल्टरच्या तक्रारी तिथे येत. कोचने फोन घेणाऱ्यांचे कॉल ऐकायचे, त्यांच्याशी बोलून काम सुधारायला मदत करायची आणि एक फॉर्म भरायचा. त्याला सगळे शीट म्हणत. शीटचा शेवटचा रकाना होता ‘कर्मचाऱ्याचं म्हणणं’. रीत अशी, की कोचने आदल्या दिवशीच शीट भरून ठेवायची, त्या रकान्यात ‘चूक मान्य आहे’ लिहायचं आणि कर्मचाऱ्याने फक्त सही करायची. वेळ वाचतो म्हणे. एकाच कारणासाठी तीन शीट झाल्या की नोकरी गेली.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. कांजूरमार्गच्या आमच्या खोलीत बाबा बुद्धविहारातून चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे आणायचे आणि मी अभ्यासाआधी त्यांच्या घड्या घालायची. आपलं म्हणणं आपणच मांडायचं, हे घड्या घालता घालताच पाठ झालेलं.

तरी पहिल्याच कोचिंगला मी माती खाल्ली. समोर घाटकोपरहून येणाऱ्या एक ताई होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. त्यांचे कॉल सहा मिनिटांच्या वर जातात, एवढीच तक्रार. त्यांची ती दुसरी शीट होती. मी कॉल न ऐकताच ती भरली होती. वर वेळ, शिस्त आणि स्वतःवरचा विश्वास यांवर त्यांना पंधरा मिनिटं ऐकवलं. त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, “झालं ना मॅडम? चहाच्या सुट्टीतली चारच मिनिटं उरलीत.”

मला शिकवणाऱ्या सीनियर कोच मागे बसून ऐकत होत्या. मूळच्या मालवणकडच्या, गिरणी कामगाराची लेक.

“प्रश्न किती विचारलंस गो?”

“तीन.”

“एक पण नाही. ‘वेळ पाळायला हवी असं नाही वाटत तुम्हाला?’ ह्यो काय प्रश्न झालो?”

त्यांनी शिकवलं ते असं. आधी कॉल पूर्ण ऐकायचा, कर्मचाऱ्याला शेजारी बसवून. मग ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही, असाच प्रश्न विचारायचा. आणि गप्प बसायचं. ते मला जमेना. तेव्हा त्या म्हणाल्या, “प्रश्न विचारलास की मनात स्टेशनं मोज, मुलुंड ते घाटकोपर. समोरचा माणूस बहुतेक भांडुपला बोलायला लागतो. तू नाहूरलाच उतरतेस.”

महिन्याभराने ताईंची तिसरी शीट माझ्याच टेबलावर आली. “भरून ठेव, उद्या सही घे,” मॅनेजर म्हणाले.

मी भरली नाही. दुसऱ्या दिवशी ताईंना शेजारी बसवलं आणि कॉल लावला. पलीकडे एक आजोबा, घरात एकटे. फिल्टरचा पाइप निसटून स्वयंपाकघरात पाणी भरत होतं. ताईंनी त्यांना सिंकखालचा नळ कसा शोधायचा ते सांगितलं आणि फोन चालू ठेवून थांबल्या. चार मिनिटं रेकॉर्डिंगवर नुसता पाण्याचा आवाज. मग आजोबा धापा टाकत आले. “झालं बाळा, बंद झालं.”

“थांबलात तेव्हा तुमच्या मनात काय होतं?” मी विचारलं. मुलुंड. नाहूर. भांडुपही गेलं. कांजूर आलं तेव्हा ताई बोलल्या.

“फोन ठेवला असता तर त्यांना परत लागला असता का लवकर? ओल्या फरशीवर घसरून पडले असते तर? आधीच्या दोन शीटचे कॉलपण असलेच होते. कुणी ऐकलेच नाहीत.”

कुणी म्हणजे मीसुद्धा. मी पेन त्यांच्या हातात दिलं. रकाना पुरला नाही, त्यांनी कागद उलटून पाठीमागे लिहिलं.

मॅनेजरनी शीट पाहिली. “यात मान्य कुठंय?”

“त्यांना मान्य नाही.”

“तू शिकायला आलीयस की युनियन काढायला?”

“शिकायला. इथेच शिकले हे.”

“तुझं सर्टिफिकेट माझ्या सहीने निघतं, माहितीये ना?”

माहीत होतं. मी दुसरा कागदही पुढे सरकवला: दुसरी शीट मी कॉल न ऐकता भरली, ती रद्द करावी. सीनियर उठून आल्या, दोन्ही कागद वाचले आणि माझ्या सहीखाली आपली सही केली. आता प्रकरण एका पोरीचं राहिलं नाही. तिन्ही कॉल वरच्या साहेबांना ऐकावे लागले.

ताई आजही तिथेच आहेत आणि आजही अशा आजोबांसाठी फोनवर थांबतात. माझं सर्टिफिकेट तीन महिने लांबलं. त्यासाठी माझीही एक शीट निघाली, ‘सूचना पाळत नाही’ म्हणून. शेवटच्या रकान्यात ‘चूक मान्य आहे’ हे शब्द आधीच तयार होते. मी ते खोडले, वर माझं म्हणणं लिहिलं आणि मगच सही केली.

तुमच्यापुढे असा भरलेला कागद आला, तर सही करू नका. आधी पुरावा ऐकवा म्हणा, मग पेन मागा आणि तो रकाना स्वतःच्या हाताने भरा. आणि कागद भरणारे तुम्हीच असाल, तर उद्यापासून तेवढी जागा कोरी ठेवा.