पुलावरचा योद्धा

एसीच्या गार हवेचा वास आला की जळगावचं ते कॉम्प्युटर सेंटर आठवतं. चपला दाराबाहेर काढून आत शिरायचं. नव्वदीच्या शेवटी तिथं मित्रानं मला इंटरनेटवरचा एक खेळ लावून दिला. त्यात चित्रं नव्हती, नुसती इंग्रजी वाक्यं. ‘उत्तरेला जा’ असं टाइप केलं की पुढचं जंगल शब्दांत उमटायचं. पुलावर एका योद्ध्यानं मला तीनदा मारलं. तो कॉम्प्युटरच असणार, असं धरून मी इंग्रजी अक्षरांत, पण अहिराणीतून त्याची आई-बहीण काढली. थोड्या वेळानं ओळ उमटली, ‘भाऊ, मी धुळ्यानी शे. माले बठ्ठं समजनं.’ म्हणजे ती धुळ्याची होती आणि तिला सगळं समजलं होतं. समोर यंत्र नव्हतं, बाई होती, तीही आपल्याकडची. मी उठलो तो अनवाणीच घरी पोचलो. त्या चपला आणायला अजून गेलेलो नाही.